टपालाने गेलेला घोडा

लाल मातीच्या आखाड्यात ज्यांनी कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना 'टांग' हा डाव ठाऊक असेल. पैलवान आपला पाय समोरच्याच्या पायात अडकवतो, क्षणभर स्वतःचाही तोल धोक्यात घालतो आणि त्याला लोळवतो. इटलीत अशा पाय अडकवण्याला 'गॅम्बेत्तो' म्हणत. 'गांबा' म्हणजे पाय. स्पेनमधला धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिले आणि आखाड्यातला हा शब्द पटावर आला. पुढे त्याचाच 'गॅम्बिट' झाला. डावाच्या सुरुवातीलाच आपण होऊन एखादे प्यादे, कधी तर घोडासुद्धा मारू द्यायचा. तो मारण्यात समोरच्याच्या चाली खर्ची पडल्या की आपले बाकीचे सैन्य घेऊन त्याच्या राजावर तुटून पडायचे. असा हा प्रकार.

पण दिलेला घोडा वसूल होतो का? गॅम्बिट ही हिंमत आहे की नुसती बेफिकिरी? या प्रश्नाचे उत्तर माणसांनी निरनिराळ्या काळात निरनिराळ्या रीतींनी शोधले. त्या शोधात दूरदूरच्या दोघांनी टपालाने खेळलेल्या डावांचा वाटा मोठा आहे, आणि त्यात आपल्याकडच्या एका माणसाचे नावही आहे. मद्रासचा गुलाम कासिम. आज त्याच्याविषयी थोडे सांगायचे आहे.

आधी टपालाचे महत्त्व का, ते पाहू. समोरासमोर बसून खेळताना गॅम्बिटला पुष्कळ मदतनीस मिळतात. घड्याळ चालू असते. भोवती माणसे जमलेली असतात. प्रतिस्पर्ध्याने हसत हसत घोडा पुढे केला की मनात पाल चुकचुकते. याने घरी काहीतरी शिजवून आणले आहे! मग हात थरथरतो आणि चूक होते. मी कवितेच्या गावचा माणूस, म्हणून मला मुशायऱ्याचा दाखला सुचतो. भरल्या सभेत, चांगल्या गळ्याने, योग्य जागी थांबून वाचलेला शेर माणसांना जागेवरून उठवतो. तोच शेर दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत वाचला की कळते, दाद किती शेराला होती आणि किती गळ्याला. टपालाचा डाव ही गॅम्बिटची दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. पत्र येते, चाल कळते. आपण पट मांडतो, चहा पितो, पुन्हा पाहतो, रात्री झोपताना पुन्हा पाहतो. भीती निवळते आणि पटावर जे खरोखर आहे तेवढेच उरते.

असा एक गाजलेला सामना लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे चालला. घोडागाडीच्या टपालातून चाली जात. पाच डाव झाले. एडिंबरोने दोन जिंकले, लंडनने एक, दोन बरोबरीत सुटले. तिसऱ्याच चालीला वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्यभाग मोकळा करायचा, ही सुरुवात या सामन्यात खेळली गेली आणि तिला 'स्कॉच' हे नाव कायमचे चिकटले. चार वर्षांची पत्रे संपली, शहराचे नाव गाजले आणि एक सुरुवात तावूनसुलाखून निघाली.

तो सामना संपत होता त्याच सुमारास, १८२८-२९ मध्ये, आपल्या देशात मद्रास आणि हैदराबाद यांच्यात दोन डावांचा असाच पत्रव्यवहार झाला. काळ कोणता, ते जरा डोळ्यांपुढे आणा. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. विल्यम बेंटिंक नुकताच गव्हर्नर जनरल होऊन आला होता. हैदराबादेत निजाम सिकंदर जाह १८२९ च्या मे महिन्यात वारला आणि नासिरुद्दौला गादीवर आला. आमचा मराठवाडा त्या राज्याचाच भाग होता आणि १९४८ पर्यंत राहिला. आगगाडी अजून पंचवीस वर्षे दूर होती, तारायंत्र नव्हते, टपालाचे तिकीट नव्हते. सहाशेहून अधिक किलोमीटरांची वाट. टपाल नेणारे हरकारे काठीला घुंगरू बांधून, रात्री मशालीच्या उजेडात, टप्प्याटप्प्याने पळत. त्यांच्या पिशवीत महसुलाचे हिशेब, फौजेचे हुकूम, घरच्या ख्यालीखुशालीची पत्रे, आणि त्यातच एका कागदावर लिहिलेले: घोडा अमुक घरात.

या सामन्यात मद्रासच्या बाजूची सूत्रे गुलाम कासिम यांच्याकडे होती. हे आपल्याला ठाऊक आहे ते १८२९ साली मद्रासला छापल्या गेलेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. त्याचे शीर्षक लांबलचक आहे. म्युझिओ गॅम्बिटचे विश्लेषण, मद्रास व हैदराबाद यांच्यातला दोन डावांचा सामना, आणि त्यांवर मद्रासचा डाव सांभाळणारे गुलाम कासिम व मद्रास सनदी सेवेतले जेम्स कॉक्रेन यांची टिपणे, असा त्याचा अर्थ. एकाच गॅम्बिटचा एवढा बारकाईने विचार करणारी पुस्तके तेव्हा जगातच मोजकी होती. कंपनी सरकारच्या अमदानीत, कंपनीच्याच एका अधिकाऱ्याच्या नावाबरोबर, किंबहुना त्याच्या नावाच्या आधी, एका देशी माणसाचे नाव शीर्षकात येते. ही गोष्टही लहान नाही.

आता तो म्युझिओ गॅम्बिट काय आहे, ते पट न मांडता सांगून पाहतो. दोघेही आपापल्या राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. पांढरा लगेच त्याच्या शेजारचे, राजाच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मारू देतो. हा 'किंग्ज गॅम्बिट'. काळा ते मारतो. पांढरा राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो. काळा मारलेल्या जागेवरचे आपले प्यादे राखायला घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे आणतो. पांढरा उंट बाहेर काढून काळ्या राजाच्या दारातल्या त्या दुबळ्या प्याद्यावर रोखतो, ज्याला राजाशिवाय कोणाचा आधार नाही. काळा आपले घोड्यासमोरचे प्यादे आणखी एक घर सरकवतो आणि पांढऱ्या घोड्यावर चाल करतो. आता शहाणा माणूस घोडा हलवेल. म्युझिओ गॅम्बिटमध्ये पांढरा घोड्याकडे पाहतसुद्धा नाही. तो किल्लेकोट करतो, म्हणजे राजा बाजूला नेऊन हत्ती मध्ये आणतो, आणि म्हणतो, घे घोडा. घोडा जातो, पण वजीर, हत्ती आणि उंट तिघांची तोंडे एकाच दिशेला वळतात.

हे नाव कसे पडले, तेही मजेदार आहे. नेपल्सचा साल्व्हिओ हा वकील सतराव्या शतकात लिहून गेला की, जेरोनिमो काशो नावाचा खेळाडू असा डाव खेळल्याचे आपल्याला म्युझिओ नावाच्या गृहस्थाकडून कळले. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत हा डाव आहे. पण १८१३ साली लंडनच्या सॅरॅटने साल्व्हिओचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्यात म्युझिओच जणू कर्ता ठरला. खेळला एक, लिहून ठेवले दुसऱ्याने आणि नाव झाले निरोप सांगणाऱ्याचे!

गुलाम कासिम यांनी या गॅम्बिटला स्वतःची एक वाट जोडली. त्यांचे म्हणणे असे की, घोड्यावर चाल आली की किल्लेकोटाची घाई नको. त्याऐवजी वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकावे. घोडा तर द्यायचाच आहे, पण मध्यभाग आपला करून द्यावा आणि मागच्या उंटाची वाट मोकळी करून द्यावा. सुरुवातींच्या कोशांत आजही ही चाल 'गुलाम कासिम गॅम्बिट' या नावाने नोंदलेली असते. रशियात, अर्जेंटिनात, आइसलँडमध्ये कोणी तो कोश उघडला की मद्रासचे हे नाव दिसते. निरोप्याच्या नावाच्या शेजारी, एका करणाऱ्याचे नाव.

याची थोरवी कळायला त्या काळचा देशी खेळ आठवावा लागेल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे. युरोपसारखा किल्लेकोट नव्हता. राजाला फार तर एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मिळे. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांच्या त्या खेळात किंग्ज गॅम्बिट जन्मूच शकत नव्हता. म्हणजे गुलाम कासिम यांनी आधी परक्यांचे नियम आत्मसात केले, मग त्या नियमांतला सर्वांत धारदार डाव निवडला आणि त्यात भर घातली. अशी माणसे त्या पिढीत आणखीही होती. आपल्या मुंबईतच १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक निघाले होते. मुळात संस्कृतात लिहिलेला तो ग्रंथ युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊन छापला गेला. एक संस्कृत पंडित, एक मद्रासचा मुसलमान. दोघांनी पाहुण्यांच्या पंगतीत बसून पाहुण्यांनाच वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

इथे कॉक्रेन या आडनावाचा एक घोटाळा दूर करायला हवा. जेम्स कॉक्रेन मद्रासचे. जॉन कॉक्रेन वेगळे. ते स्कॉटिश बॅरिस्टर. लंडन-एडिंबरो सामन्यात ते लंडनच्या बाजूने होते आणि सामना रंगात असतानाच १८२४ साली हिंदुस्थानात निघून आले. पुढे कलकत्त्यात वकिली करत आणि बुद्धिबळ खेळत राहिले. १८४८ च्या सुमारास त्यांना महेशचंद्र बॅनर्जी हा विलक्षण बंगाली खेळाडू भेटला आणि दोघांचे वर्षानुवर्षे शेकडो डाव झाले. जॉन कॉक्रेनही गॅम्बिटवाले. चौथ्याच चालीला काळ्या राजाच्या दारातले प्यादे घोड्याने मारायचे आणि राजाला तो घोडा मारायला लावायचे, हा 'कॉक्रेन गॅम्बिट' त्यांनी महेशचंद्रांविरुद्ध खेळला. १९९९ साली लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हने तो चक्क क्रामनिकविरुद्ध खेळला आणि डाव बरोबरीत सुटला. महेशचंद्र काळी मोहरी घेऊन उंट कोपऱ्याच्या बाजूला बसवत, मध्यभाग समोरच्याला घेऊ देत आणि मग तो पोखरत. त्या पद्धतीची आज विसाव्या शतकातल्या थोर सुरुवातींत गणना होते. तिला नाव मिळाले 'इंडियन'. आक्रमण कॉक्रेनच्या नावावर, बचाव एका अख्ख्या देशाच्या नावावर, आणि बॅनर्जी हे आडनाव तळटिपेत. गुलाम कासिम यांचे नाव टिकले याचे एक कारण मला तरी उघड दिसते. त्यांनी लिहिले आणि छापले. तोंडी वाहवा हवेत विरते, कागद राहतो.

पुढे टपाल स्वस्त झाले. इंग्लंडात १८४० साली एका पेनीचे टपाल आले, आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट आले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड. पोस्टकार्डावर चाल लिहून टाकायची आणि उत्तराची वाट पाहायची. गावात तोडीस तोड कोणी नसलेल्या माणसाला केवढा आधार! एस्टोनियातल्या पार्नू गावात वाढलेला पॉल केरेस पोरवयात असेच शेकडो डाव पोस्टाने खेळला आणि त्यात भले भले अचाट गॅम्बिट पारखून घेतले. जगातल्या थोर खेळाडूंत त्याची गणना झाली ती नंतर. १९५१ साली पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. तिच्या पाचव्या जगज्जेतेपदाच्या फेरीत, १९६५ ते ६८ या काळात, अमेरिकेचा हान्स बर्लिनर आणि मॉस्कोचा याकोव्ह एस्त्रिन यांच्यात एक डाव झाला. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि दोन देशांतून पोस्टकार्डे ये-जा करत होती. बर्लिनरने काळ्या मोहऱ्यांनिशी घरी तयार केलेला एक धाडसी डाव त्यात टाकला, तो जिंकला आणि जगज्जेता झाला. हाच बर्लिनर पुढे संगणकतज्ज्ञ झाला, आणि त्याने लिहिलेल्या संगणक प्रोग्रॅमने १९७९ साली बॅकगॅमन या खेळाच्या जगज्जेत्याला हरवले. पत्राची चाल आणि यंत्राची चाल, दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेल्या.

गॅम्बिट खरा की खोटा, याचा निकाल एका झटक्यात लावायचाही मोह अनेकांना झाला. १९६० साली मार देल प्लाता इथे बॉबी फिशर स्पास्कीकडून किंग्ज गॅम्बिटमध्ये हरला. पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून जाहीर केले की हा गॅम्बिट आता निकालात निघाला. आणि १९६३ च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत स्वतःच पांढऱ्या मोहऱ्यांनी किंग्ज गॅम्बिट खेळला! २०१२ च्या एप्रिलच्या आरंभी बातमी झळकली की, संगणकांच्या ताफ्याने किंग्ज गॅम्बिट पुरता सोडवला. जगभरातल्या लोकांनी विश्वास ठेवला. तो एप्रिल फूल होता. शेवटचा निकाल ऐकायला माणूस किती उत्सुक असतो, ते त्यावरून कळले.

आता पोस्टकार्डाची जागा इंटरनेटने घेतली आहे, पण खेळाची चाल तीच आहे. एका चालीला दोन-तीन दिवस, कधी आठवडा. पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. मीही असा खेळतो. तेलंगणातले एक निवृत्त गृहस्थ माझे प्रतिस्पर्धी. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. बोलणे होते ते चालींबरोबर लिहिलेल्या दोन ओळींत, दखनी उर्दूत. गुलाम कासिम यांचे पुस्तक निघाले त्याला दोनशे वर्षे होत आली, तर त्यांच्या गॅम्बिटचे सहा डाव खेळून पाहू, असे आम्ही ठरवले. तीन वेळा मी पांढरा, तीन वेळा ते. अट एकच. डाव संपेपर्यंत दोघांनीही संगणकाला विचारायचे नाही.

पहिले दोन डाव पांढऱ्याने जिंकले, एक त्यांनी आणि एक मी. घोडा घेतलेल्या काळ्याला तो पचवता येईना. तिसरा बरोबरीत सुटला. चौथ्या डावात मी पांढरा होतो. त्यांनी घोडा मारला, माझा वजीर पुढे आला, आणि मग पुरे तीन दिवस काही नाही. तिसऱ्या रात्री चाल आली. त्यांनी आपलेही वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मला देऊ केले होते. सोबत दोन ओळी: मेहमान खाली हाथ नहीं आते, हम भी खाली हाथ नहीं भेजते. मी खूप वेळ पटाकडे पाहत राहिलो. गॅम्बिटवर उतारा गॅम्बिटचाच होता! मिळालेले सगळे मुठीत धरून बसायचे नाही. त्यातले थोडे परत द्यायचे, म्हणजे आपल्याही उंटाला, घोड्याला वाट मिळते. त्या डावात मी हरलो, आणि पुढचे दोन्ही डावही त्याच प्याद्यामुळे काळ्याने जिंकले. नंतर पुस्तके उघडली तर हाच उतारा तिथे आधीपासून छापलेला होता. तरी स्वतः शोधलेल्याची चव वेगळी. सगळे संपल्यावर संगणकाला विचारले. त्याने क्षणात सांगितले की काळ्याची बाजू वरचढ आहे. आम्हाला जे कळायला काही महिने लागले, ते त्याला चहा निवण्याच्या आत कळले.

मग हा खेळ खेळायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्राच्या डावांत आज संगणकाची मदत घ्यायला परवानगी आहे. त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात आणि तिथे गॅम्बिटला जागा उरलेली नाही. मैत्रीच्या डावांत यंत्राला मनाई असते, पण पलीकडचा माणूस काय करतो हे पाहायला तिथे कोणी बसलेले नसते. सगळा कारभार विश्वासावर. मला वाटते, हीच त्या खेळाची खरी किंमत आहे. हरकाऱ्याच्या पिशवीतून हैदराबादला चाल पाठवताना गुलाम कासिम यांच्याकडे तरी दुसरे काय होते? पलीकडच्यांनी पत्र मधल्या मध्ये दडवायचे नाही, दिलेली चाल फिरवायची नाही, एवढ्या भरवशावर दोन शहरे महिनोन्महिने खेळली.

आणखी एक. गॅम्बिट तपासणारा प्रतिस्पर्धी हा शत्रू नसतो. त्याने जीव तोडून उतारा शोधला नाही, तर आपल्या धाडसाचे मोल आपल्यालाच कळत नाही. कवितेलाही असा एखादा वाचक लागतो. सभेत वाहवा करणारे पुष्कळ भेटतात. तीन दिवस वही उशाशी ठेवून चौथ्या दिवशी 'ही ओळ टिकत नाही' असे सांगणारा एखादाच.

गुलाम कासिम यांचा गॅम्बिट आज कसोटीला पुरा उतरत नाही, हे कबूल. पण १८२९ साली त्यांनी तो लपवून ठेवला नाही. पटावर चार लोकांना चकवून त्यावर जन्मभर वाहवा मिळवता आली असती. त्यांनी तो चालींनिशी छापला आणि म्हटले, आता पाहा तपासून. दोनशे वर्षे माणसे तो तपासत आहेत. आमच्या सहा डावांची भर त्यात तिळाएवढी. सातवा डाव कालच सुरू झाला आहे. पांढरी मोहरी त्यांच्याकडे आहेत, आणि घोडा दारात उभा आहे.